न दिसणाऱ्या माणसांची मोजदाद: मानवी तस्करीचे आकडे येतात कुठून?

दरवर्षी ३० जुलै जवळ आली की मानवी तस्करीचे आकडे बातम्यांत झळकू लागतात. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस तस्करीविरोधी दिन ठरवला आहे, त्यामुळे अहवाल, भाषणं आणि मथळे एकदमच येतात. एका बातमीत जगभरातले ४ कोटी ९६ लाख लोक असतात, दुसरीत २ लाखांच्या आसपास नोंदी, तिसरीत एखाद्या देशातले काही हजार. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. पण ते सांगायला बातमीत जागा नसते. वाचणाऱ्याला वाटतं, एकतर कुणालाच काही ठाऊक नाही, नाहीतर कुणीतरी फेकतंय.

अशा वेळी मी आधी एवढंच बघतो, की आकडा कुणाच्या हातून आलाय. निवारागृहातल्या समुपदेशकाच्या, पोलिसाच्या, की विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञाच्या? आणि ही मंडळी एकमेकांशी बोलली होती का? आकड्याचा भरवसा बराचसा या दुसऱ्या प्रश्नावर ठरतो. कसा, ते पाहू.

तस्करी म्हणजे काय, इथूनच घोळ

मराठीतला ‘तस्करी’ हा शब्द थोडी दिशाभूल करतो. सोन्याची तस्करी म्हटलं की सीमा आली, चोरवाट आली, लपवलेला माल आला. माणसांच्या बाबतीत यातलं काहीच असावं लागत नाही. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या करारात (पालेर्मो शहरात त्यावर सह्या झाल्या, म्हणून तो पालेर्मो करार) तस्करीचे तीन भाग सांगितले आहेत. कृती: माणसाला कामावर घेणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं. मार्ग: जबरदस्ती, फसवणूक, त्याच्या अगतिकतेचा फायदा. आणि हेतू: त्याचं शोषण. तिन्ही जुळले तर तस्करी. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर मार्ग सिद्ध करावा लागत नाही, कृती आणि हेतू पुरतात.

यात सीमा ओलांडण्याची अट नाही. स्वतःच्याच गावात माणूस तस्करीचा बळी असू शकतो. सीमा ओलांडली तरी ती रात्रीच्या अंधारात, काटेरी तारेखालून ओलांडली जाते हा समजही तपासायला हवा. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेकडच्या नोंदींवरून दिसलं की सीमापार झालेल्या तस्करीच्या सुमारे ८० टक्के प्रवासांत लोक विमानतळासारख्या अधिकृत तपासणी नाक्यांवरूनच गेले होते. पासपोर्टवर शिक्का मारून. पीडितांना प्रत्यक्ष मदत करणाऱ्यांनी केस लिहून ठेवल्या, म्हणून हे कळलं. नुसतं कार्यालयात बसून कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

आता त्या ४ कोटी ९६ लाखांकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, ‘वॉक फ्री’ ही मानवाधिकार संस्था आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांनी २०२२ मध्ये दिलेला हा २०२१ सालचा अंदाज आहे, तोही ‘आधुनिक गुलामगिरी’चा. त्यात २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीतले आणि २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहातले. तस्करीशी याचा जवळचा संबंध आहे, पण दोन्ही एकच नव्हेत. २ लाखांचा आकडा वेगळ्या जातीचा: मदत संस्थांपर्यंत पोचलेल्या, नोंद झालेल्या व्यक्तींचा. पहिला अंदाज आहे, दुसरी यादी. मथळ्यात मात्र दोघांच्याही मागे ‘तस्करीचे बळी’ हेच शब्द लागतात.

नोंद होते कशी?

एक व्यक्ती सुटून निवारागृहात येते. पहिल्या रात्री तिला अंथरूण, औषध आणि आतून लावता येणारी कडी हवी असते. चांगला समुपदेशक त्या रात्री अर्ज पुढे करत नाही. चार दिवसांनी, आठवड्याने थोडं थोडं बोलणं होतं. अर्जातले रकाने गरजेप्रमाणे भरले जातात: दुखणं काय आहे, वकील हवा का, घरी कळवायचं की नाही.

पोलिसांचा अर्ज निराळा. त्यांना आरोपी कोण, कलम कुठलं, पुरावा काय हे हवं. हेल्पलाइनचा आणखी निराळा, कारण तिथे फोन मध्येच तुटतो आणि फोन करणारा बऱ्याचदा पीडित नसून शेजारी किंवा गिऱ्हाईक असतो. एकच व्यक्ती या तिन्ही ठिकाणी नोंदली जाऊ शकते, कधी दोन नावांनी आणि तीन वयांनी. भीतीपोटी खोटं नाव सांगणं यात काही नवल नाही.

दोन वर्षांनी संशोधक येतो, या सगळ्याची एक एक्सेल शीट मागतो आणि म्हणतो, डेटा फार अस्वच्छ आहे. ज्यांनी मध्यरात्री तो गोळा केला त्यांना हे ऐकून काय वाटत असेल याची कल्पना करा.

माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा करणारी गोष्ट म्हणजे रिकामा रकाना. समजा, ‘कर्जापोटी बांधून ठेवलं होतं का?’ या प्रश्नासमोर काहीच लिहिलेलं नाही. याचे निदान तीन अर्थ होतात. विचारलं आणि उत्तर ‘नाही’ आलं. विचारलं, पण ती व्यक्ती बोलली नाही. किंवा विचारलंच नाही, कारण ती रडत होती, किंवा दुभाषा मिळाला नाही. शीट उघडणारा तिन्ही ठिकाणी ‘नाही’ धरतो. मग अहवालात छापून येतं की या भागात कर्जापोटी वेठीला धरण्याचं प्रमाण कमी आहे. पुढच्या वर्षी कर्जमुक्तीसाठी वकील पुरवण्याचे पैसे कमी होतात. कुणीही खोटं बोललेलं नसतं.

उपाय साधा आहे, स्वस्तही आहे: रिकाम्या जागेऐवजी ‘नाही’, ‘सांगितलं नाही’, ‘विचारलं नाही’ असे वेगळे पर्याय ठेवायचे. पण हे सुचायला अर्ज भरणारा आणि आकडे जुळवणारा एका टेबलाशी बसावे लागतात. संशोधकाला रकाना रिकामा का राहतो ते ठाऊक नसतं. समुपदेशकाला त्या रिकामेपणाचं पुढे काय होतं ते ठाऊक नसतं.

सरकारी आणि संस्थांच्या दप्तरांत नोंदी कशा ठेवाव्यात याचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण २०२३ मध्ये आलं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय यांनी ते तयार केलं. वजनांसाठी किलो ठरला तसंच हे: सगळ्यांनी एकच काटा वापरायचा. तो वापरायचा की नाही हे अर्थात ज्याच्या त्याच्या हातात.

आकडा वाढला म्हणजे तस्करी वाढली का?

घरोघर थर्मामीटर वाटले तर तापाचे रुग्ण वाढलेले दिसतील. साथ आली असंही असू शकतं, पण थर्मामीटर आले हेही कारण असू शकतं.

ब्रिटनमध्ये संभाव्य पीडितांची नोंद एका राष्ट्रीय यंत्रणेकडे होते. २०१४ मध्ये तिथे २,३४० व्यक्तींची नावं गेली, २०२४ मध्ये १९,१२५. दहा वर्षांत आठपट! मधल्या काळात २०१५ चा आधुनिक गुलामगिरी कायदा आला, पोलिस आणि अधिकारी प्रशिक्षित झाले, आणि टोळ्यांनी अमली पदार्थ पोचवायला जुंपलेली मुलं पूर्वी ‘गुन्हेगार’ या खान्यात जायची ती ‘पीडित’ या खान्यात येऊ लागली. गुन्हा किती वाढला आणि डोळे किती उघडले, हे या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही.

उलट बाजूही तशीच. २०२० मध्ये जगभर सापडलेल्या पीडितांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत ११ टक्क्यांनी घटली. महामारीत तपासणीच थांबली होती, निवारागृहांची दारं बंद होती. शोषण करणाऱ्यांनी सुट्टी घेतली होती असं मानायला काही आधार नाही. २०२२ पर्यंत आकडा २०१९ च्याही वर २५ टक्के गेला.

संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत दर एक लाख लोकसंख्येमागे किती पीडित, हा एक निर्देशांक आहे. बऱ्याच देशांजवळ यासाठी सापडलेल्यांचीच संख्या असते. म्हणजे ज्या देशाचे पोलिस शोधतच नाहीत तो या तक्त्यात सर्वांत स्वच्छ दिसतो. मला हा निर्देशांक निम्माच उपयोगाचा वाटतो, तोही शेजारी ‘न सापडलेले किती’ याचा अंदाज असेल तर.

जे सापडलेच नाहीत ते मोजायचे कसे?

एका पुस्तकाचं मुद्रितशोधन दोघांकडे दिलं आहे, असं समजा. दोघे वेगवेगळ्या खोल्यांत बसून चुका काढतात. पहिल्याला ३० सापडल्या, दुसऱ्याला २०. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर दिसतं की १५ चुका दोघांनाही सापडल्या आहेत. पहिल्याच्या ३० पैकी १५ दुसऱ्यालाही मिळाल्या, म्हणजे दुसऱ्याची नजर साधारण निम्म्या चुका पकडते. त्याला २० मिळाल्या. मग पुस्तकात एकूण ४० असाव्यात. दोघांनी मिळून ३५ पकडल्या, ५ अजून लपलेल्या.

आता समाईक चुका १५ ऐवजी फक्त ३ निघाल्या तर? दुसऱ्याची नजर दहातली एकच चूक पकडते. मग एकूण चुका २०० च्या घरात, आणि दीडशेहून अधिक अजून आतच. याद्यांची लांबी तीच, पण समाईक भाग बदलला की चित्र पालटतं.

तस्करीच्या बाबतीत मुद्रितशोधकांच्या जागी पोलिस, निवारागृहं, हेल्पलाइन, कामगार निरीक्षक असतात. याद्या दोनऐवजी चार-पाच असतात आणि गणित बरंच अवघड होतं. त्याला ‘बहुयादी अंदाज’ म्हणू. २०१४ मध्ये ब्रिटिश गृहखात्याचे वैज्ञानिक सल्लागार, संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी तो वापरला. २०१३ सालच्या याद्यांत २,७४४ संभाव्य पीडित होते. याद्यांमधला समाईक भाग पाहून त्यांनी अंदाज काढला तो १०,००० ते १३,००० चा. म्हणजे समोर दिसणाऱ्या प्रत्येकामागे तीन-चार जण न दिसणारे.

समाईक भाग कळण्यासाठी याद्या शेजारी ठेवाव्या लागतात. प्रत्येक संस्थेने आपली यादी कुलपात ठेवली तर हे गणित सुरूच होत नाही.

मग संख्याशास्त्रज्ञच पुरे की! प्रत्यक्ष काम करणारे कशाला?

या गणिताची एक अट आहे: दोन्ही मुद्रितशोधक एकमेकांच्या खुणा न पाहता काम करतात. दुसऱ्याने पहिल्याच्या पेन्सिलखुणा पाहिल्या तर त्याच्या सगळ्या २० चुका समाईक निघतील आणि गणित सांगेल, एकूण चुका ३०, एकही राहिलेली नाही.

प्रत्यक्षात खुणा पाहिल्या जातातच. निवारागृह पीडिताला पोलिसांकडे पाठवतं, पोलिस सुटका केलेल्यांना निवारागृहात आणून सोडतात. नावं समाईक होतात ती याद्या चांगल्या आहेत म्हणून नव्हे, तर माणूस हाताला धरून एका यादीतून दुसरीत नेला म्हणून. अशाने अंदाज खाली येतो. उलट, एकाच व्यक्तीने दोन ठिकाणी दोन नावं सांगितली तर समाईक नाव समाईक दिसत नाही. आपल्या उदाहरणात १५ पैकी ५ च ओळखू आल्या तर ४० चा अंदाज १२० होतो. एक दोष आकडा दाबतो, दुसरा फुगवतो, आणि शीटकडे पाहून कुठला किती हे कळत नाही.

ते कळतं समुपदेशकाला. कुणाला कुठे पाठवलं जातं, कुठल्या पोलिस ठाण्याशी संस्थेचं पटतं, कुठल्या देशातून आलेले लोक खरं नाव सांगायला घाबरतात, हे ज्ञान कुठल्याच रकान्यात नसतं. या पद्धतीवर संख्याशास्त्रज्ञांत आजही वाद आहे, विशेषतः थोड्या नोंदींवर ती किती टिकते याबद्दल. हा वाद निव्वळ सूत्रांनी मिटेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या पद्धतींचंही असंच. एकात, पीडितांच्या समुदायातल्याच काही जणांशी बोलून त्यांना आपल्या ओळखीच्यांना पुढे पाठवायला सांगतात, आणि कुणाच्या किती ओळखी आहेत त्यावरून हिशोब सुधारतात. अमेरिकेत सॅन दिएगो भागात कागदपत्रं नसलेल्या स्पॅनिशभाषक मजुरांची अशी पाहणी झाली. २०१२ च्या त्या अहवालात तस्करीच्या व्याख्येत बसणारा छळ सुमारे ३० टक्क्यांनी सोसल्याचं निघालं. ज्यांना कुणी दार ठोठावलं तरी धडकी भरते, त्यांच्याकडे अनोळखी माणूस वही घेऊन गेला तर काय सांगतील? ओळखीच्याने पाठवलं म्हणूनच ते बोलायला येतात. आणखी एक पद्धत लोकांना त्यांच्या परिचितांबद्दल विचारते. ती १९८५ च्या मेक्सिको सिटीतल्या भूकंपात किती माणसं गेली हे शोधताना सुचली होती.

इतकी नाजूक माहिती एकत्र करणं धोक्याचं नाही का?

आहे. सगळ्यांत वजनदार आक्षेप हाच. यादी फुटली तर तस्कराला पळालेल्या व्यक्तीचा पत्ता लागू शकतो. ती स्थलांतर खात्याच्या हाती पडली तर मदत मागायला आलेल्यालाच देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. आणि नाव काढून टाकणं पुरेसं नसतं. एखाद्या छोट्या देशातून आलेली, ४७ वर्षांची, मासेमारीच्या बोटीवर राबवलेली स्त्री असं वर्णन दिलं तर ओळखणाऱ्याला नावाची गरज उरत नाही.

त्यामुळे माहिती वाटण्यापेक्षा ती कशी वाटायची यावर जास्त डोकं खर्च झालं आहे. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने काही स्वयंसेवी संस्थांबरोबर २०१७ मध्ये ‘काउंटर ट्रॅफिकिंग डेटा कोलॅबोरेटिव्ह’ हा सामायिक साठा सुरू केला. त्यातून सुरुवातीला खुल्या केलेल्या माहितीत नियम असा होता, की कुठलंही वर्णन निदान ११ जणांना लागू पडलं पाहिजे. न पडल्यास ते झाकायचं. गर्दीत एकटा उठून दिसणारा माणूस मागच्या रांगेत नेण्यासारखं हे. पण यात दुर्मिळ प्रकारच बाहेर फेकले जातात, आणि तस्करीत दुर्मिळ प्रकार म्हणजे पुष्कळदा नुकताच सुरू झालेला प्रकार.

म्हणून २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांच्या मदतीने कृत्रिम नोंदी तयार झाल्या. यातली एकही नोंद खऱ्या व्यक्तीची नाही, पण सगळ्या मिळून जे प्रमाण दिसतं (किती मुलं, कुठून कुठे, कोणत्या कामाला) ते मूळ माहितीच्या जवळ असतं.

मात्र कृत्रिम नोंदींवरून दोन याद्यांतला एकच माणूस ओळखता येत नाही, कारण तिथे माणूसच नसतो. बहुयादी अंदाजासाठी कुणीतरी खऱ्या नोंदी जुळवायलाच हव्या. ते काम एका विश्वासाच्या जागी, नावाऐवजी सांकेतिक खुणा वापरून होऊ शकतं. संशोधकाच्या हाती फक्त ‘या दोन याद्यांत इतके समाईक’ एवढाच तक्ता द्यायचा. अर्थात, ती विश्वासाची जागा कोणती, यावर बैठका वर्षानुवर्षं अडतात. जिथे ती पोलिसांकडे असते तिथे काही संस्था नावं द्यायला साफ नकार देतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांशी बोलण्यासंबंधी दहा सूचना दिल्या. पहिलीच अशी: बोलण्यामुळे त्या व्यक्तीला इजा होणार नाही हे आधी पाहा.

मोजत बसण्यापेक्षा सोडवा ना त्यांना!

हे ऐकायला योग्यच वाटतं. पण मदत मोजदादीच्या मागून जाते. निवारागृहं कुठे, किती आणि कुणासाठी, हे कुणाची नोंद झाली त्यावर ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोकांना डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामं करायला लावलं जात असावं. यांतले कित्येक शिकलेले, संगणक येणारे पुरुष. ‘पीडित’ म्हणून जे चित्र अर्जात आधीपासून बसलेलं होतं त्यात ते मावत नव्हते. रकान्यात लैंगिक शोषण आणि सक्तीची मजुरी एवढंच असेल, तर सक्तीने गुन्हा करायला लावलेला माणूस बसवायचा कुठे? बऱ्याच ठिकाणी तो आरोपीच्या खान्यात बसला.

असा नवा प्रकार पहिल्यांदा दिसतो तो हेल्पलाइनवर. फोन घेणाऱ्याने ‘इतर’ या रकान्यावर खूण केली आणि शेरा लिहिला, तर तो शेरा वाचणारा कुणीतरी पलीकडे असावा लागतो.

एकत्र बसले की सगळं जमतं?

मुळीच नाही. संस्था माहिती देते, संशोधकाचा शोधनिबंध दोन वर्षांनी निघतो, तोही पैसे भरून वाचायचा, परक्या भाषेत. संस्थेला परत काय मिळतं? बहुतेकदा आभाराची एक ओळ. पुढच्या वेळी शीट यायला उशीर होतो, यात आश्चर्य काय. जिथे हे चालतं तिथे निबंध निघण्याआधी संस्थेला तिच्याच नोंदींचा अर्थ लावून परत दिला जातो: तुमच्याकडे येणारे कुठून येतात, कोण मधूनच निघून जातं, काय विचारायचं राहून जातं. सुटून आलेल्या व्यक्तींनाही प्रश्न ठरवताना बोलावलं जातं, कारण ‘तुम्हाला कोंडून ठेवलं होतं का’ याला ‘नाही’ म्हणणारा माणूस ‘तुम्ही निघून गेला असता तर काय झालं असतं’ याला वेगळं उत्तर देतो.

पैसे देणाऱ्यांनाही मोठे आकडे आवडतात. अमेरिकी सरकार एके काळी सांगत असे की दरवर्षी ६ ते ८ लाख लोकांची सीमापार तस्करी होते. २००६ मध्ये तिथल्याच संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तपासलं, तेव्हा कळलं की हा अंदाज एका व्यक्तीने काढला होता आणि सगळं काम लिहून ठेवलं नव्हतं. त्यामुळे तो पुन्हा करून पाहणं शक्य नव्हतं. तोवर तो असंख्य भाषणांत, बातम्यांत पोचलेला होता.

अलीकडे काही संशोधक एकाच ठिकाणी, एकाच व्याख्येने, दोन निरनिराळ्या पद्धतींनी मोजून उत्तरं ताडून पाहत आहेत. उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर पुन्हा त्या टेबलाशी यावं लागतं, जिथे शीट उघडलेली असते आणि कुणीतरी एका रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून विचारतं, त्या दिवशी इथे काय झालं होतं?